पाइपपासून नाटकातल्या तलवारीची मूठ करताय? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की सांगलीत शाळाशाळांमधून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि माझ्या टेबलावर तलवारी येऊन पडायला लागतात. बहुतेक दुरुस्तीच्या. पातं धड असतं, रंग चकचकीत असतो, पण मूठ डगडगत असते. पालकांनी रात्र जागून केलेलं काम असतं ते. त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली हे दाखवल्याशिवाय तलवार परत द्यायची नाही, असं मी ठरवलेलं आहे. तेच आज इथे लिहितो.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या तालमीत मी केलेल्या तलवारीचं पातं मुठीतून सुटलं आणि समोर बसलेल्या मुलांच्या बाकावर जाऊन आदळलं. कुणाला लागलं नाही. पण तो आवाज अजून कानात आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावात रंगमंचावरच्या तलवारीने पोराचा डोळा जावा, ही कल्पनाही सहन होत नाही. तेव्हापासून मूठ कशी दिसते हे मी शेवटी बघतो. पातं आत किती गेलंय आणि कशाने धरलंय, हे आधी.

दुकानात ‘एक इंची पाइप द्या’ म्हणणं

गणपती पेठेत एका दुकानात एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप मागा आणि दुसऱ्या दुकानात रेलिंगचा एक इंची स्टील पाइप मागा. दोन्ही शेजारी ठेवलेत तर डोळ्यांवर विश्वास बसणार नाही. रेलिंगच्या पाइपचं माप बाहेरून घेतात, त्यामुळे तो बरोबर २५.४ मिलिमीटर भरतो. पाण्याच्या जीआय पाइपचं माप आतल्या वाटेवरून ठरलेलं, म्हणून त्याच एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर असतो. आठ मिलिमीटरचा फरक म्हणजे मुठीच्या बाबतीत फार झाला. वर दोरी गुंडाळली की दहा वर्षांच्या मुलाची बोटं पाइपभोवती पुरी वळत नाहीत.

म्हणून दुकानात जाताना व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायची सरकती पट्टी न्या. तो नसेल तर पात्यासाठी घेतलेल्या नळीचा तुकडा खिशात ठेवा. बाहेरचा व्यास विचारा आणि गेजही विचारा, कारण आतली जागा जाडीवर ठरते. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२. मोठ्यांसाठी मी सव्वा इंची, १६ गेजचा स्टेनलेस स्टीलचा पाइप घेतो. त्याच्या आत साडेअठ्ठावीस मिलिमीटर जागा मिळते. लहान मुलांसाठी एक इंची पुरतो, तोही शक्यतो अॅल्युमिनियमचा.

वजनाचा हिशेब कुणी करत नाही. पंधरा सेंटीमीटरचा तुकडा धरला तर एक इंची मध्यम जीआय पाइप सुमारे ३६५ ग्रॅम भरतो, सव्वा इंची स्टील सुमारे १८० ग्रॅम आणि त्याच मापाचं अॅल्युमिनियम जेमतेम ६० ग्रॅम. चौथीतल्या मुलाने वीस मिनिटं हातात धरायची वस्तू आहे ही. अख्खी तलवार अर्ध्या किलोच्या आत ठेवा.

मूठ लांब करणं

‘जरा लांबच असू दे’ म्हणून पंचवीस-तीस सेंटीमीटर पाइप कापला जातो. मग हात कधी वर, कधी खाली धरतो आणि प्रत्येक वार वेगळा पडतो. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत, एकदा मुलांना घेऊन जा. लंडनहून आलेली वाघनखं २०२४ च्या जुलैत तिथेच मांडली होती, तेव्हा सगळी गर्दी त्या दालनात होती. मी मात्र मुठीच बघत बसलो होतो. खऱ्या मुठीची पकड किती आखूड असते! चार बोटं नीट बसतील एवढीच. एका वेळी एकाच जागी हात बसावा म्हणूनच ती तशी केलेली असते. तुमच्या मुठीतही पकडीला दहा-अकरा सेंटीमीटर द्या. वरची परज, म्हणजे हात वाचवणारी आडवी पट्टी, आणि टोकाची चकती धरून पंधरा-सोळात काम भागतं.

पातं आत कमी घालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पात्याचा गाभा म्हणून बहुतेक जण वायरिंगची २५ मिलिमीटरची पीव्हीसी नळी घेतात (एक इंची पाइपात ती जात नाही, तिथे त्याहून बारीक लागते). ते चांगलंच आहे. धातूची पट्टी तर पात्याला वापरूच नका, बोथट केलेलीसुद्धा. पण ती नळी मुठीत तीन-चार सेंटीमीटरच घालतात, कारण उरलेलं पातं लांब दिसतं.

पातं ऐंशी सेंटीमीटर बाहेर आहे आणि चार सेंटीमीटर आत, असं समजा. टोकाला बसलेला धक्का मुठीच्या तोंडाशी पोचेपर्यंत साधारण वीसपट होतो. दहा सेंटीमीटर आत घातलंत तर तो आठपटीवर येतो. साधी तरफ आहे. त्यामुळे पातं मुठीत किमान दहा सेंटीमीटर गेलंच पाहिजे. तेवढं पातं आखूड झालं तरी प्रेक्षकाला कळत नाही.

आता फटीचं बघू. २५ ची नळी साडेअठ्ठावीसच्या भोकात घातली की चहूबाजूंनी पावणेदोन मिलिमीटर जागा उरते. इथे सगळे चिकटपट्टी गुंडाळतात. पहिल्या दिवशी ती घट्ट वाटते. मग दिव्यांच्या उष्णतेने गोंद मऊ होतो, पट्टी आतल्या आत सरकते आणि तिसऱ्या तालमीला मूठ बोलायला लागते. त्याऐवजी दोन बुश, म्हणजे फट भरणारी कडी, करा, एक तोंडाशी आणि एक पात्याच्या आतल्या टोकाशी. कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे नायलॉनच्या दांड्यातून ते निघतात. घरी करायचे असतील तर सागवानी लाकडाचे करा आणि हाताने घासून बसवा.

हे बसवणं मी मिरजेत शिकलो. तिथले सतार-तंबोरे घडवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार आणि झिलई करणाऱ्या घराण्यांतले. तलवारीची कामं ओसरली तशी ही मंडळी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात मी उभा होतो तेव्हा कारागीर खुंटी बसवत होते. त्यांनी खुंटीला खडू फासला, भोकात घालून एक वेढा दिला आणि बाहेर काढली. खुंटीवर एका बाजूला, नखाएवढ्या जागेत खडू पुसला गेला होता. कानशीने तेवढीच जागा दोनदा घासली. परत खडू, परत वेढा. मला म्हणाले, “दादा, जिथं लागतंय तिथंच घासायचं. सगळीकडनं घासलं की गेलं काम.” घरी येऊन मी बुशवर तेच केलं. चौथ्या खेपेला बुश अंगठ्याच्या दाबाने आत गेला आणि जागेवरून हलेना. आजवर मी बसवलेला तो सगळ्यात चांगला सांधा.

यानंतर बोल्ट. एकच बोल्ट आरपार घातला तर तो बिजागरीसारखा वागतो आणि पातं त्याच्याभोवती डुलत राहतं. चार मिलिमीटरचे दोन बोल्ट घ्या, एक तोंडापासून दोन सेंटीमीटरवर, दुसरा साताच्या आसपास. दोघांची दिशा एकमेकींना काटकोनात ठेवा. पीव्हीसी नळी आतून पोकळ असते, बोल्ट आवळला की ती चेपते. म्हणून तिच्या आत आधी लाकडी दांडा ठोकून बसवा. नट नायलॉनच्या कड्यांचे घ्या, साधे नट हादऱ्यांनी सुटतात. बोल्टचं जादा टोक कापून, कानस मारून त्यावर रबरी टोपी चढवा. बोटाला लागणारं टोक शिल्लक राहता कामा नये.

गोल पाइपवर थेट ड्रिल लावणं

ड्रिलचं टोक गोलाईवरून घसरतं, पाइपवर लांब ओरखडा उठतो आणि भोक भलतीकडे पडतं. आधी कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळा, तिची दोन टोकं जुळली की वर्तुळाची रेघ सरळ येते. पट्टी उलगडून तिचे चार समान भाग करा, काटकोनाच्या खुणा आपोआप मिळतात. खुणेवर पंच मारा. पाइप व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी जबड्यात, धरताना आत लाकडी गोल घाला, नाहीतर तो अंडाकृती होतो आणि मग कुठलाच बुश बसत नाही. आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग चारचं.

स्टेनलेस स्टीलला घाई अजिबात चालत नाही. ड्रिल जोरात फिरवलं की एक कर्कश आवाज येतो आणि खुणेची जागा आरशासारखी चमकायला लागते. तिथला थर कडक झालाय, असा त्याचा अर्थ. आणखी जोर लावून उपयोग नसतो, बिट तेवढं मोडतं. अशा वेळी थांबा, नवं धारदार बिट लावा, तेलाचे दोन थेंब सोडा, वेग अगदी कमी करा आणि दाब सोडू नका. सुतासारखा लांब कीस निघायला लागला की जमलं. चष्मा लावाच. हातमोजे मात्र घालू नका, फिरत्या बिटात मोजा अडकला की हातही ओढला जातो.

कापण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पातळ पाइपला बारीक दात्यांचं, इंचाला ३२ दाते असलेलं हॅक्सॉ ब्लेड लावा. मोठ्या दात्याचं ब्लेड पाइपच्या कडेत अडकतं. आणि कापल्यावर आतली कोर गोल कानशीने काढा. बाहेरची सगळे काढतात, आतली विसरतात, आणि तीच कोर पात्याची नळी आतून चिरत राहते.

जीआय पाइप तापवणं किंवा वेल्ड करणं

हे घरी मुळीच करू नका. जीआयवर जस्ताचा थर असतो. तो तापला की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. रंग पकडत नाही म्हणून पाइप गॅसवर धरणारे लोक मी पाहिलेत. परज जोडायला वेल्डिंग हवंच असेल तर साध्या लोखंडाचा पाइप घ्या आणि वर्कशॉपमधून करून आणा. तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी थंडच वाकते. तिचा आकार एखाद्या जाड पाइपवर वाकवून घ्या. अॅल्युमिनियमची पट्टी एकदम काटकोनात मोडलीत तर बाहेरच्या बाजूला तडा जातो.

गुळगुळीत पाइपला गोंद आणि रंग लावणं

चकचकीत स्टीलवर काहीच टिकत नाही. आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने जागा खरखरीत करा, थिनरने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. झटपट चिकटणारा गोंद हादऱ्याला तडकतो. दोन नळ्यांतून येणारं, सावकाश वाळणारं इपॉक्सी वापरा आणि रात्रभर हात लावू नका. स्टील, जस्त आणि अॅल्युमिनियमवर साधा लाल प्रायमर धरत नाही, एच (etch) प्रायमर, म्हणजे गुळगुळीत धातूला धरणारा प्रायमर लागतो. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत स्प्रे मारलात तर रंगावर पांढरट सावट येतं. दुपारचं ऊन बघून मारा, पातळ थर द्या. आणि पकडीच्या भागाला रंग लावूच नका. तो घामाने सुटतो आणि हातावर येतो. तिथे सुती दोरी घट्ट गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टीही उत्तम धरते.

हल्ली मुलांना उजेडाची तलवार हवी असते. दिव्याची मूठ करताना पाइप वीज वाहतो हे विसरलं जातं. एक उघडी तार आतून टेकली की शॉर्ट. सगळं सर्किट आधी प्लॅस्टिकच्या नळीत बसवा आणि मग पाइपमध्ये सरकवा. लहान मुलांच्या हातात लिथियम सेल देऊ नका, तीन साधे पेन्सिल सेल पुरतात. साडेचार व्होल्टवर एका पांढऱ्या एलईडीला ६८ ओहमचा रेझिस्टर लावा. तो नसेल तर दिवा भगभगून जळतो आणि लोक सेलला दोष देतात.

झालेली मूठ बिघडली तर

हलवल्यावर टकटक आवाज येत असेल तर दोरी उलगडायची घाई नको. पातं धरून मूठ फिरवून बघा. फिरताना आवाज आला तर बोल्टचं भोक मोठं झालंय, पाच मिलिमीटरचा बोल्ट घाला. पुढे-मागे डुलताना आला तर तोंडाचा बुश झिजलाय, तो बदलावा लागेल, आवळून भागणार नाही. पातं बरोबर मुठीच्या तोंडाशीच वाकत असेल तर तिथे नळीला बारीक पांढरी रेघ शोधा. ती दिसली की ते पातं बाजूला काढा. त्यावर चिकटपट्टी मारून आजचा प्रयोग निघेल, असं म्हणू नका. पांढरी रेघ म्हणजे सुरू झालेला तडा.

प्रयोगाला नेताना तलवार कापडात गुंडाळून न्या. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात तलवारी घेऊन फिरायला बंदी असते, आणि दुरून पातं प्लॅस्टिकचं आहे हे कुणालाच कळत नाही.

मूठ पुरी झाली की घरच्या गादीवर सपाट पन्नास वार करा, जोरात. मग दोन्ही नट पुन्हा आवळा आणि नट नि बोल्ट मिळून एकच आडवी रेघ नेलपॉलिशने ओढा. प्रत्येक प्रयोगाआधी विंगेत उभं राहून ती रेघ बघा. रेघ सलग असेल तर तलवार मुलाच्या हातात द्या. तुटलेली दिसली तर नट फिरलाय. पाना घ्या, आवळा, नवी रेघ ओढा, मग द्या.