मानसशास्त्रात एम.ए. करायचंय? फॉर्म भरण्याआधी एवढं बघा

टी.वाय.चा निकाल जवळ आला की ओळखीतली मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, "मॅडम, सायकॉलॉजीत एम.ए. करायचंय, फॉर्म कुठे भरू?" मी उलट विचारते, "एम.ए. झाल्यावर सकाळी दहा वाजता तू कुठे बसलेली असशील?" शाळेत समुपदेशक म्हणून, कंपनीच्या एचआरमध्ये, कॉलेजात शिकवायला, की मनोरुग्णालयाच्या ओपीडीत? आधी याचं उत्तर काढा. क्लिनिकल, समुपदेशन, औद्योगिक ही सगळी स्पेशलायझेशन्स प्रत्येक कॉलेजात नसतात, आणि प्रवेश झाल्यावर ते कळून उपयोग नाही.

ज्यांचं उत्तर ओपीडी आहे त्यांनी एक गोष्ट आजच समजून घ्या. नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, आणि ती परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम केल्यावरच मिळते. इतकी वर्षं एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. हा त्याचा रुळलेला रस्ता होता. यूजीसीने मात्र त्याला २०२५-२६ च्या सत्रापर्यंतच मुभा दिली. तेव्हा आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्था आणि अभ्यासक्रमांची ताजी यादी स्वतः उघडून बघा, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. एम.फिल.ला एम.ए.चे ५५ टक्के मागत असत. तेवढे तरी हातात असू द्या.

आता पात्रता. बी.ए.ला मानसशास्त्र असेल तर फारसा प्रश्न येत नाही. बऱ्याच ठिकाणी ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४५ अशी अट असते. बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांनी माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचावा. काही विभाग कोणत्याही पदवीधराला प्रवेश परीक्षेला बसू देतात, काहींना पदवीला मानसशास्त्र हवंच असतं. पूर्वी अशी मंडळी इग्नूतून दूरस्थ एम.ए. करत. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी बायकांना त्याचा आधार होता. पण २०२१ च्या आरोग्य व्यवसायविषयक कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्र आल्यामुळे यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश थांबवले. तरीही कुणी 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी' म्हणून पैसे मागत असेल, तर एक रुपयाही भरण्याआधी यूजीसीचं परिपत्रक वाचा.

प्रवेश परीक्षेचं म्हणाल तर प्रत्येक विद्यापीठाची रीत वेगळी. मुंबईच्या 'टिस'मध्ये, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, सीयूईटी पीजी ही एनटीएची (राष्ट्रीय परीक्षा संस्थेची) देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आणि पुढे मुलाखत असा मार्ग आहे. सीयूईटीत ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा, आणि वेळ ९० मिनिटं. इतर विद्यापीठांच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर येतात. डिसेंबरपासून दर आठवड्याला एकदा नजर टाका, कारण सीयूईटीचा फॉर्म टी.वाय.च्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो.

मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्यांची इथे एक खरी अडचण होते. विषय येत असतो, शब्द अडवतो. आपण 'प्रबलन' शिकलेलो असतो आणि पेपरात येतं रिइन्फोर्समेंट. 'प्रमाण विचलन' पाठ असतं, समोर दिसतं स्टँडर्ड डेव्हिएशन. एक दोनशे पानी वही घ्या, मधे रेघ मारा, डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी. ती वही दोन वर्षं पुरते. आणि संख्याशास्त्र टाळू नका, एम.ए.त ते पहिल्या सेमिस्टरपासून मागे लागतं.

पदवीचा हिशेब सरळ आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार सेमिस्टर, प्रत्येकी २२, एकूण ८८ क्रेडिट. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी असलेल्यांसाठी एम.ए. एका वर्षाचं. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीचे चार क्रेडिट, दुसऱ्याला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, त्याचेही चार, म्हणजे १२० तास. तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला संशोधन प्रकल्पाचे अनुक्रमे चार आणि सहा.

माझ्या मते कॉलेज निवडायचं ते प्रॅक्टिकल बघून. नागपूरच्या डॉ. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली बुद्धिमापन चाचणी आहे, मिसिक. तिच्यात मुलापुढे रंगीत ठोकळे ठेवून नक्षी जुळवायला सांगतात आणि स्टॉपवॉच लावतात. एक विद्यार्थिनी नऊ वर्षांच्या मुलाची चाचणी घेत होती. ठोकळा बरोबर बसला की ती मायेने म्हणायची, "शाब्बास!" तिसऱ्या नक्षीला मुलगा ठोकळा उचलायच्या आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. हातातला ठोकळा फिरवायचा आणि तिची भुवई हलायची वाट बघायचा. ती चाचणी रद्द करावी लागली. हे कुठल्याही नोट्समधून शिकता येत नाही. शेजारी बसून बघणारं, नंतर समजावून सांगणारं कुणीतरी लागतं. म्हणून प्रवेशाआधी विभागात जाऊन विचारा : चाचण्यांचे संच किती, एका संचावर मुलं किती, आणि ओजेटीत आमच्यावर देखरेख कोण करतं? जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांची जर्नलं चाळा.

कागदपत्रांत मुलं नेमकी अडकतात ती तीन ठिकाणी : दुसऱ्या विद्यापीठातून आलात तर मायग्रेशन सर्टिफिकेट, मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, आणि मुदत संपलेलं नॉन-क्रीमी लेयर. तिन्हींना वेळ लागतो, मे महिन्यातच अर्ज करा. एबीसी आयडी, म्हणजे तुमचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, तोही काढून ठेवा.

ओजेटी सुरू झालं की तारीख, तास आणि केलेलं काम लिहून दर शनिवारी देखरेख करणाऱ्यांची सही घ्या. सहा महिन्यांनी त्यांची बदली झालेली असते आणि १२० तासांचा दाखला द्यायला कुणी उरत नाही.