परदेशातलं कुलमुखत्यारपत्र पुण्यात नोंदणीला चालत नव्हतं, ते असं चाललं

दादा अमेरिकेत, फ्लॅट कोथरूडला. त्याने नोटरीसमोर सही करून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने मला सही-व्यवहार करू देणारा कागद, नोंदणीच्या टेबलावरून परत आलं. इथला ५०० रुपयांचा स्टॅम्पपेपर जोडला, इथल्या नोटरीचा शिक्काही घेतला, उपयोग शून्य. दादा म्हणे तिथली नोटरी पुरेशी, वहिनी म्हणे वकिलातीतच जायला हवं. यात घरात उगीच कडवटपणा आला.

शेवटी हा क्रम लागू पडला. मसुदा पुण्याच्या वकिलांकडून करून घेतला, त्यात फ्लॅट क्रमांक इंडेक्स टूप्रमाणे (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा). दादाने नोटरीसमोर सही केली, फोटो आणि अंगठा प्रत्येक पानावर. मग त्याच्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून दिलेलं सरकारी प्रमाणपत्र. मूळ प्रत कुरियरने मागवली. पाकीट अजिबात फेकू नका, कागद इथे कधी पोचला याचा पुरावा तेच. पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मूळ प्रत, पासपोर्टची झेरॉक्स आणि ते पाकीट दिलं. त्यांनी ठरवलेलं शुल्क ऑनलाइन भरलं आणि शेरा मारलेली मूळ प्रत हातात आली.

फ्लॅटच्या दस्ताच्या नोंदणीच्या दिवशी मी 'देणारा हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही' असं घोषणापत्रही जोडलं. नोंदणी त्याच दिवशी झाली.