जुन्या लॅपटॉपवर हलके लिनक्स टाकण्यापूर्वी: फॉन्ट आधी, बाकी सगळे नंतर

बेळगावपासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत वाचनालये, पतसंस्था, मराठी शाळा आणि छोटी डीटीपी केंद्रे यांच्या कपाटांत विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असलेले लॅपटॉप अजून पडून आहेत. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, त्यामुळे असे यंत्र इंटरनेटला जोडणे धोक्याचे आहे. पण यंत्र धडधाकट असेल तर हलके लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून पत्रव्यवहार, नोंदी आणि वाचनासाठी ते आणखी काही वर्षे वापरता येते. एका वाचनालयाच्या लॅपटॉपवर हे काम मी केले तेव्हा सर्व फाइली नीट उतरवून घेतल्या, पण फॉन्ट घेतले नाहीत, आणि जुनी इतिवृत्ते उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची रांग दिसू लागली. म्हणून या यादीत पहिली गोष्ट फॉन्ट ही आहे, आणि ती पुढेही वारंवार येईल.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. विंडोजमध्ये युनिकोडची, म्हणजे अक्षराला सर्वत्र एकच संकेत देणाऱ्या पद्धतीची, सोय देवनागरीसाठी विंडोज २००० पासून आणि कन्नडसाठी एक्सपीपासून आली. त्याआधी, आणि सवयीमुळे त्यानंतरही बरीच वर्षे, आपल्याकडचे टंकलेखन श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी मालिकेतील योगेश आणि सुरेख अशा फॉन्टांत होत राहिले. या फॉन्टांत लिहिलेला मजकूर फाइलीत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांतच साठवलेला असतो. कोणत्या संकेताला ‘क’ दाखवायचा आणि कोणत्याला वेलांटी, हे केवळ फॉन्टच्या फाइलीला ठाऊक असते. फॉन्ट गेला की फाइल शाबूत राहूनही मजकूर वाचता येत नाही. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टात लावून पाहण्याचाही उपयोग होत नाही. सीमाभागात ही अडचण दुहेरी आहे, कारण त्याच लॅपटॉपवर सरकारी कार्यालयांशी झालेला कन्नड पत्रव्यवहारही असतो आणि तो पुष्कळदा नुडी किंवा बरहा या कन्नड टंकलेखनाच्या प्रोग्रामांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत असतो. मराठी फॉन्ट सांभाळले आणि नुडीचे राहून गेले, तर ग्रामपंचायतीला किंवा तहसीलदारांना पाठवलेल्या अर्जांच्या प्रती तशाच निरुपयोगी होतात.

आता करायचे काय, ते सांगतो. जुने विंडोज चालू असतानाच सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातील फॉन्ट्स हे संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. त्यातले मराठी कोणते आणि इंग्रजी कोणते हे निवडत बसू नका, कारण फाइलींची नावे आठ अक्षरांत आखडलेली असतात आणि हवा तो फॉन्ट नेमका सुटतो. मग महत्त्वाची कागदपत्रे एकेक उघडून वर्डच्या खिडकीत फॉन्टचे नाव काय दिसते ते कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर तीच कागदपत्रे विंडोजमधूनच पीडीएफमध्ये काढा, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत गुंफला जातो आणि मजकूर निदान वाचता व छापता येतो. पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रामच्या फाइलींसाठी तर पीडीएफ काढाच. लिनक्सवर त्या उघडण्याची सोय अर्धवट आहे. फॉन्टच्या फाइली टीटीएफ असतील तर त्या लिनक्सवर सहसा चालतात, पण पीएफबी आणि पीएफएम या जुन्या टाइप १ प्रकारच्या असतील तर लिबरऑफिस या लिनक्सवरच्या ऑफिस-प्रोग्रामने आवृत्ती ५.३ पासून त्यांचा आधार काढून टाकला आहे, तेव्हा तिथेही पीडीएफला पर्याय नाही. टंकलेखनाच्या ज्या पॅकेजात युनिकोड रूपांतराची सोय आहे ते विंडोजवरच वापरा, कारण डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची चावी) लागणारे पॅकेज विंडोज पुसल्यावर पुन्हा उभे करणे फार कठीण जाते. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘कैऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला अर्धा र डोळ्यांनी तपासा. चुका हटकून याच ठिकाणी होतात.

फाइलींची प्रत घेतली म्हणजे झाले, असे समजू नका. फाइली आणि फॉन्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही घ्यायच्या आहेत. ईमेलची फाइल, ब्राउझरमधल्या खुणा (बुकमार्क), वायफायचा पासवर्ड हे बाकीचे तुम्हाला माहीत आहेच.

शक्य असेल तर जुनी हार्ड डिस्क पुसूच नका. साधारण २००६ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत साटा जोडणीची अडीच इंची डिस्क असते, आणि तिच्या जागी १२० किंवा १२८ जीबीची साधी एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) सहज बसते. जुनी डिस्क काढून, तिच्यावर काय आहे ते चिकटपट्टीवर लिहून कपाटात ठेवा. फॉन्ट राहिलाच तर तो तिथे सापडेल. एसएसडीमुळे जुन्या यंत्राचा वेग जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशानेही सुधारत नाही, त्यामुळे हा खर्च दोन्ही बाजूंनी सार्थकी लागतो. त्याहून जुन्या यंत्रात आयडीई या जुन्या जोडणीची डिस्क असते. तिथे हा मार्ग सोपा नाही आणि पेनड्राइव्हवरील प्रतीवरच विसंबावे लागते, म्हणून अशा वेळी प्रत दोन ठिकाणी ठेवा.

यानंतर यंत्राची तपासणी. प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे ठरल्याशिवाय काहीही डाउनलोड करू नका. कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे, पण नावाने त्याच्यासारखाच वाटणारा आधीचा कोअर ड्युओ ३२ बिटचा आहे, आणि छोट्या नेटबुकांतला अॅटम एन२७० हाही ३२ बिटचाच आहे. विंडोज ३२ बिटचे दिसते म्हणून प्रोसेसरही तसाच असेल हा निष्कर्ष चुकीचा आहे. प्रोसेसरचा क्रमांक पाहून खात्री करा. रॅम किती आहे ते पाहा आणि १ जीबी असेल तर ती २ करता येते का याची चौकशी बेळगावच्या दुरुस्तीच्या दुकानांत करा, कारण डीडीआर२ या जुन्या रॅमच्या काढलेल्या पट्ट्या तिथे मिळू शकतात. पंख्यातली धूळ काढा.

वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार संच, निवडताना नव्यातले नवे घेण्याचा मोह टाळा. उबुंटूने ३२ बिटचे डेस्कटॉप देणे कधीच थांबवले आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही. तेव्हा ३२ बिटच्या यंत्रासाठी जून २०२३ चे डेबियन १२ किंवा त्यावर आधारलेले अँटीएक्स २३ घ्या. डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची देखभाल जून २०२८ पर्यंत जाहीर झालेली आहे. रॅम १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर अँटीएक्सच घ्या, कारण ते जड डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएमसारख्या साध्या खिडकी-व्यवस्थापकावर चालते. ६४ बिट आणि २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेले डेबियन उत्तम चालते. पतसंस्थेचे हिशेब टॅलीवर असतील तर मात्र हा लॅपटॉप लिनक्ससाठी वापरू नका, टॅलीला विंडोजच लागते. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी सोय) चालवून पाहण्याचे प्रयोग सभासदांच्या पैशांच्या नोंदींवर करू नयेत.

लिनक्सची फाइल चढवायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डाउनलोड केलेल्या फाइलीची शा-२५६ बेरीज (फाइल शाबूत आहे का हे दाखवणारा लांब संकेत) संकेतस्थळावरील बेरजेशी जुळवा; गावाकडच्या तुटक जोडणीवर उतरवलेली फाइल अपुरी असण्याची शक्यता बरीच असते. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू होत नसेल तर ती फाइल डीव्हीडीवर लिहून घ्या. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणारे) लिनक्स सुरू झाले की लगेच इन्स्टॉलच्या बटणाकडे जाऊ नका. आधी वायफाय चालते का पाहा, कारण त्या काळातल्या ब्रॉडकॉमच्या अनेक वायफाय कार्डांना वेगळे फर्मवेअर लागते, ते इंटरनेटवरून आणावे लागते, आणि इंटरनेट तर त्या कार्डावरच अवलंबून असते. यासाठी मोबाइलची यूएसबी केबल जवळ ठेवा. यूएसबी टिथरिंग (मोबाइलचे इंटरनेट केबलने घेणे) लिनक्सवर बहुधा लगेच चालते. आवाज, पडद्याची चमक, टचपॅड ओघानेच कळेल.

आणि याच लाइव्ह अवस्थेत फॉन्टची खरी परीक्षा घ्या. पेनड्राइव्हवर घेतलेले फॉन्ट होम फोल्डरात ‘डॉट फॉन्ट्स’ (.fonts) नावाचे फोल्डर करून त्यात टाका, नवे फॉन्ट ओळखले जावेत म्हणून टर्मिनलमध्ये एफसी-कॅशची (fc-cache) आज्ञा द्या, लिबरऑफिस उघडा आणि एक जुने मराठी पत्र, एक जुने कन्नड पत्र वाचून पाहा. पहिली ओळ दिसली म्हणून थांबू नका. जोडाक्षरे आणि आकडे असलेला मधला परिच्छेद वाचा. दोन्ही पत्रे नीट वाचता आली, तरच डिस्कला हात लावा. वाचता आली नाहीत तर यंत्र बंद करा, विंडोज सुरू करा आणि कोणता फॉन्ट राहिला ते शोधा. ही पायरी घाईत गाळू नका, कारण विंडोज जागेवर आहे तोवर चूक दुरुस्त होते आणि ते पुसल्यावर तोच फॉन्ट त्याच आवृत्तीत मिळवण्यासाठी दारोदार हिंडावे लागते.

विजेचाही विचार करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेली असते, आणि पावसाळ्यात खानापूरकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. डिस्कचे विभाजन चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची मांडणी अर्धवट राहते, तेव्हा हे काम इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर करा. आतली बटणाएवढी सीमॉस बॅटरी संपली असेल तर तारीख मागे जाते, मग संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध दिसतात आणि पॅकेजे उतरत नाहीत. लोक अशा वेळी इंटरनेटला दोष देत बसतात; आधी तारीख पाहा.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करताना विशेष काही नाही. डिस्क कोणती निवडली आहे ते पुन्हा पाहा, पेनड्राइव्ह आणि डिस्क यांत गफलत करू नका, स्वॅपसाठी, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरायला, डिस्कवर जागा ठेवा, पासवर्ड लिहून ठेवा.

इन्स्टॉल झाल्यावर आधी फॉन्ट टाका. नव्या लेखनासाठी डेबियनमधील देवनागरी आणि कन्नडच्या फॉन्टांची पॅकेजे घ्या. लोहित आणि नोटो त्यांत येतात. कळफलकासाठी सीमाभागातल्या लोकांनी मुद्दाम पाहावी अशी एक सोय लिनक्समध्ये आहे: कन्नड गणक परिषदेचा कगप हा ध्वन्यानुसारी कळफलक कन्नडसाठी आहेच, आणि त्याच पद्धतीचा मराठी कगपही कळफलकांच्या यादीत मिळतो. नुडीची मांडणी हीच असल्यामुळे ज्याचा हात नुडीवर बसलेला आहे त्याला मराठीसाठी वेगळी मांडणी शिकावी लागत नाही. इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलकही आहे.

छपाईयंत्र कोणते आहे ते आधी विचारून ठेवा: एचपी लेसरजेट १०२० ला एचपीलिप या एचपीच्या प्रोग्रामचे प्लगइन लागते आणि कॅनन एलबीपी २९०० ला कॅप्टचा वेगळा चालक (ड्रायव्हर) लागतो, तो ३२ बिटवर आणि ६४ बिटवर वेगवेगळ्या तऱ्हेने बसतो. ब्राउझर म्हणून फायरफॉक्सची ईएसआर (जास्त मुदतीच्या देखभालीची) आवृत्ती ठेवा. ३२ बिटच्या लिनक्ससाठी क्रोम मार्च २०१६ पासून मिळत नाही, आणि फायरफॉक्सनेही नेहमीच्या आवृत्त्यांत १४४ नंतर तो आधार थांबवला आहे. एका वेळी दोनतीन टॅब उघडा. झेडरॅम (रॅममधली माहिती दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करा.

फॉन्टांचे फोल्डर, फॉन्टांच्या नावांचा तो कागद आणि पीडीएफ यांची एक प्रत संस्थेच्या दुसऱ्या संगणकावर ठेवा, आणि नंतर येणाऱ्या चिटणीसांना ती कुठे आहे हे लेखी कळवा.