एचबेस शेलमध्ये कमांड लिहिताना या चुका टाळा

अपाचे एचबेस या मोठी माहिती टेबलांत साठवणाऱ्या डेटाबेसचा शेल (कमांड टंकण्याची खिडकी) प्रथमच उघडणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या सवयीतून येतात. हा शेल जेरुबीवर (रुबी या प्रोग्रामिंग भाषेच्या जावावर चालणाऱ्या रूपावर) उभा असून त्यात टंकलेली प्रत्येक ओळ रुबीचे विधान म्हणूनच वाचली जाते, आणि हे ध्यानात ठेवले की अनोळखी वाटणाऱ्या एरर मेसेजचाही अर्थ लागू लागतो. (खालील उदाहरणे देवनागरीत दिली आहेत; शेलमध्ये कमांड अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.)

टेबल, रो की (प्रत्येक रोची ओळख) आणि कॉलम यांची नावे अवतरणचिन्हांतच लिहावी लागतात. टेबलातील रो दाखवणारी स्कॅन कमांड नुसती स्कॅन विक्री अशी लिहिल्यास रुबी 'विक्री' नावाचे व्हेरिएबल शोधते, ते सापडत नाही आणि तशी तक्रार करते; त्यावरून टेबलच अस्तित्वात नाही असा निष्कर्ष काढू नये. दस्तऐवजातून कॉपी केलेल्या कमांडमधील वळणदार अवतरणचिन्हे शेलला कळत नाहीत, ती पुन्हा साधी टंकावीत. एंटर दाबूनही काहीच घडत नसेल आणि प्रॉम्प्टच्या (कमांडची वाट पाहणाऱ्या खुणेच्या) शेवटी बाणाऐवजी अवतरणचिन्ह दिसत असेल, तर आधीचे अवतरण उघडेच राहिले आहे. ते बंद करून कमांड नव्याने द्यावी.

सर्वांत फसवी चूक स्वल्पविरामाची आहे. एक रो वाचणाऱ्या गेट कमांडची गेट 'विक्री', '१०१' 'माल:दर' ही ओळ पाहावी. रो की आणि कॉलम यांच्यामध्ये स्वल्पविराम नाही, आणि रुबी शेजारशेजारच्या दोन स्ट्रिंग (अवतरणांतील मजकूर) मुकाट्याने जोडते. त्यामुळे शेल '१०१माल:दर' नावाची रो शोधतो, ती मिळत नाही, आणि कोणताही एरर न देता शून्य रो दाखवतो. माहिती हरवली असे समजून घाबरण्यापूर्वी स्वल्पविराम मोजावेत.

नवे टेबल करताना प्रत्येक कॉलम फॅमिलीचे (कॉलमांच्या गटाचे) गुणधर्म स्वतंत्र महिरपी कंसात लिहावेत. कंस न घालता नेम हा शब्द दोनदा दिला, तर दोन्ही जोड्या एकाच हॅशमध्ये (नाव-मूल्य जोड्यांच्या संचात) जातात आणि फक्त शेवटची फॅमिली उरते. नेम, लिमिट, व्हर्जन्स हे शब्द कॅपिटल अक्षरांतच लिहावे लागतात.

एचबेस प्रत्येक मूल्य बाइट्सच्या रूपात साठवते. मूल्य लिहिणाऱ्या पुट कमांडने १० लिहिल्यास तो अंक नव्हे, तर दोन अक्षरे साठतात; त्यावर पुढे मूल्य वाढवणारी इन्क्र चालवल्यास ती कमांड ६४ बिटांचे मूल्य नाही म्हणून नकार देते. याच कारणाने '१०' ही रो की '२' च्या आधी येते, कारण क्रम अंकांचा नसून बाइट्सचा असतो.

मोठ्या टेबलावर लिमिटशिवाय (रोंची मर्यादा न घालता) स्कॅन चालवू नये. डिलीट एक सेल (एका रोमधील एका कॉलमचे मूल्य) पुसते, संपूर्ण रो पुसण्यासाठी डिलीटऑल लागते. टेबल काढून टाकणाऱ्या ड्रॉपपूर्वी ते डिसेबल (बंद) करावे लागते; टेबल रिकामे करणारी ट्रंकेट मात्र स्वतःच डिसेबल करून टेबल नव्याने उभारते आणि त्यात आधी आखलेल्या रीजनच्या (टेबलाच्या तुकड्यांच्या) सीमाही जातात. त्या राखायच्या असतील तर ट्रंकेट_प्रिझर्व्ह वापरावे.