फॉर्मवर सही केली म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही

पॅराग्लायडिंग, बंजी किंवा राफ्टिंगच्या आधी ‘जे होईल त्याला मीच जबाबदार’ अशा फॉर्मवर सही घेतात. अपघातानंतर तोच कागद पुढे केला जातो आणि जबर जखमी माणूस भरपाईचा विचारच सोडून देतो. तसं करू नका. सही करून तुम्ही खेळातला मूळचा धोका पत्करता. जीर्ण दोर, चुकीचा बांधलेला हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षापट्टे), वारा बिघडलेला असताना घेतलेलं उड्डाण हा निष्काळजीपणा झाला, आणि तो गंभीर असेल तर अनेक देशांतली न्यायालयं असा फॉर्म ग्राह्य धरत नाहीत.

सगळ्यात आधी साहित्य सांभाळा. हेल्मेट, हार्नेस, कॅराबिनर (दोर अडकवायचा लॉकचा हुक) तुमचं असेल तर धुऊ नका, दुरुस्तीला देऊ नका. उसवलेली शिवण, हुकाचं लॉक, लेबलवरचा सिरियल नंबर आणि बनावटीची तारीख यांचे जवळून फोटो काढा. साहित्य आयोजकाचं असेल तर ते आणि तपासणीची नोंदवही जपून ठेवा, असं त्यांना लेखी कळवा. कॅमेऱ्यातलं चित्रण लगेच मागा, कारण त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. जखमी माणसाकडून हे होणार नाही, घरच्या कुणीतरी त्याच दिवशी धावपळ करायला हवी.

दवाखान्याची कागदपत्रं, बुडालेल्या पगाराचा हिशोब ठेवालच. विमा पॉलिसीत साहसी खेळ वगळलेत का, तेही बघा. मणक्याला किंवा डोक्याला मार असेल तर पुढच्या उपचारांचा अंदाज येण्याआधी तडजोडीवर सही नको. मात्र दाव्याला मुदत असते, म्हणून वकिलांना लवकर गाठा.