पॅराशूट अधिकाऱ्याची कारकीर्द कागदांवरून कशी जुळवावी

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा शोध घेताना आधी त्याचा सेवा क्रमांक मिळवा. एकाच आडनावाचे ढीगभर कॅप्टन सापडतात. ब्रिटिश सरकारच्या ‘लंडन गॅझेट’ या राजपत्रात बहुतेकदा नावाजवळच हा क्रमांक छापलेला असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रेजिमेंटवरून. पॅराशूट रेजिमेंट १ ऑगस्ट १९४२ रोजी उभी राहिली; तिचे अधिकारी इतर पलटणींतून स्वेच्छेने आलेले. पॅराशूट बटालियनचे नामांकित अधिकारी जॉन फ्रॉस्ट मूळचे कॅमेरोनियन्स या स्कॉटिश पलटणीचे. म्हणून मूळ पलटणीखालीही शोधा, नाहीतर अर्धी कारकीर्द हातातून निसटते.

दुसरी चूक तारखेची. गॅझेटची तारीख म्हणजे लढाईची तारीख नव्हे. फ्रॉस्ट यांना फ्रान्समधल्या ब्रुनेव्हालच्या छाप्यासाठी मिलिटरी क्रॉस, ट्युनिशियातल्या लढाईसाठी डीएसओ (अधिकाऱ्यांना मिळणारं युद्धसेवेचं पदक) आणि नेदरलँड्समधल्या आर्नेमसाठी त्यावर बार, म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा, मिळाला. आर्नेमची लढाई सप्टेंबर १९४४ची, तिथे ते कैद झाले. बार जाहीर झाला १९४५मध्ये.

हुद्दा जसा छापलाय तसाच उतरवा. ‘कॅप्टन (टेम्पररी मेजर)’ याचा अर्थ कायम हुद्दा कॅप्टनचाच.

मग लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधलं डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्ध खातं) ३७३ मालिकेतलं पदकाचं शिफारसपत्र काढा. ते पदक मिळावं म्हणूनच लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातली प्रत्येक तारीख बटालियनच्या वॉर डायरीशी, म्हणजे रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीशी, ताडून पाहाच: ट्युनिशियासाठी डब्ल्यूओ १७५, नॉर्मंडी-आर्नेमसाठी डब्ल्यूओ १७१. दोन्हींत फरक आढळला तर दोन्ही नोंदवा. सोयीची तारीख निवडू नका.