बायोकेमिस्ट्री घेतलीय? आधी ऊस बघा

बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेतली की पहिल्याच महिन्यात मुलं रेणूंच्या रचना पाठ करायला बसतात. सांगलीत शिकून पुढे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करताना माझं मत पक्कं झालंय: पाठांतर नंतर. आधी विचारा, कोणता कार्बन कुणाला जोडलाय, आणि त्यामुळे रेणूला काय जमतं?

आपल्या भागात याला ऊस पुरतो. चिपाडात सेल्युलोज, भाकरीत स्टार्च. दोन्ही नुसत्या ग्लुकोजच्या साखळ्या. फरक दोन ग्लुकोज जोडणाऱ्या बंधाच्या दिशेचा; त्या दोन दिशांना अल्फा आणि बीटा म्हणतात. स्टार्चमध्ये बंध अल्फा, म्हणून साखळी वळसे घेते. आयोडीन त्या वळशांत शिरतं आणि निळा रंग येतो. सेल्युलोजमध्ये बंध बीटा. दर दुसरं ग्लुकोज उलटं बसतं, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. आपल्या लाळेतलं आणि आतड्यातलं स्टार्च पचवणारं विकर, अमायलेज, फक्त अल्फा बंध तोडतं. म्हशीला वाढं पचतं ते तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे, त्यांच्याकडे बीटा बंध तोडणारं विकर, सेल्युलेज, असतं. एका बंधाची दिशा बदलली की अन्नाचं सरपण होतं! हे कळलं तेव्हा मी वही मिटून कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो.

एक प्रयोग स्वतः कराच. शुद्ध साखरेच्या पाण्याला बेनेडिक्ट द्रावण (ग्लुकोजसारख्या साखरा ओळखणारं निळं द्रावण) दाद देत नाही, कारण साखर म्हणजे सुक्रोज, आणि त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे क्रियाशील कार्बन एकमेकांतच अडकलेले असतात. त्याच पाण्यात थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळा म्हणजे तो बंध तुटतो, सोड्याने उदासीन करा, मग बेनेडिक्ट घालून गरम करा. विटकरी रंग येतो. तासगावच्या बेदाण्याचं पाणी मात्र थेट रंग देतं, कारण त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटेच असतात.

प्रथिनांनाही हाच प्रश्न विचारा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो. प्रथिनाची साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, हे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासमध्ये दाखवलं. त्यांचा आलेख हाताने काढून बघा.

कारखान्यात यायचं असेल तर पोलरीमीटर नीट शिका; ध्रुवित प्रकाशाचं प्रतल द्रावण किती फिरवतं ते तो मोजतो. सुक्रोज ते प्रतल उजवीकडे फिरवतं. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की इन्व्हर्टेज हे विकर त्यातल्या सुक्रोजचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं, आणि ते मिश्रण प्रतल डावीकडे वळवतं. मग पोल (पोलरीमीटरवर दिसणारं सुक्रोजचं प्रमाण) घसरतो, साखरेचा उतारा पडतो. गळीत हंगामात शेती विभाग ताज्या उसासाठी इतकी घाई का करतो, ते या एका बंधावरून कळतं.